रक्ताला तारीख नसते: एका विषाणूच्या चाचणीची गोष्ट

आजचा विषय वैद्यकाच्या इतिहासातला आहे, पण सुरुवात एका घरगुती शब्दापासून करू. नागीण. अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात आणि आगीनं माणूस हैराण होतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस वाचत नाही, असं जुनी माणसं सांगतात. सहसा ते जुळत नाही, कारण हा आजार एका नसेच्या वाटेनं पसरतो आणि ती नस मणक्यातून निघून शरीराच्या एकाच बाजूला जाते. पण ज्यानं हे नाव ठेवलं त्याची नजर पक्की होती. ग्रीक भाषेत ‘हर्पीन’ म्हणजे सरपटणं, आणि त्यावरून आला ‘हर्पीस’ हा शब्द. एकमेकींपासून इतक्या लांबच्या दोन भाषांना या फोडांत सरपटणंच दिसलं.

नागिणीची खरी गंमत वेगळीच आहे. ती बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो नसांच्या मुळाशी जाऊन बसतो आणि चाळीस-पन्नास वर्षांनी कधीतरी जागा होतो. इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर या गावात एडगर होप-सिम्पसन नावाचे एक साधे फॅमिली डॉक्टर होते. त्यांनी आपल्या भागातल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवून १९६५ मध्ये हे नीट मांडलं. माणसाला धरणारे या कुळातले नऊ विषाणू आज माहीत आहेत आणि नवांचीही रीत हीच. एकदा शिरले की जन्मभराचे भाडेकरू.

म्हणजे इथे एक पेच तयार होतो. मलेरियाचा जंतू रक्तात दिसला की मलेरिया आहे असं म्हणता येतं. हर्पीसच्या कुळात ‘विषाणू आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक प्रौढांच्या बाबतीत ‘आहे’ असंच येणार. प्रश्न असा विचारावा लागतो की तो आत्ता जागा आहे का? आजच्या तापाला, आजच्या थकव्याला तो जबाबदार आहे का? हे रक्ताला विचारण्याचा खटाटोप जवळजवळ शंभर वर्षं चालला आहे. त्यातली सर्वांत रंगतदार हकिकत एप्स्टाइन-बार या विषाणूची आहे, म्हणून आज तीच सांगतो.

विषाणू सापडायच्या कितीतरी आधी त्याचा आजार माहीत होता. १८८९ मध्ये एमिल फायफर या जर्मन डॉक्टरांनी ताप, घसा आणि मानेच्या सुजलेल्या गाठी अशा आजाराचं वर्णन ‘ग्रंथिज्वर’ या अर्थाच्या नावानं केलं. १९२० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये स्प्रंट आणि इव्हान्स यांनी अशा तरुण रुग्णांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि आजाराला ‘इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस’ हे नाव दिलं. रोजच्या बोलण्यात तो ‘मोनो’ झाला. या रक्तात पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या आणि विचित्र आकाराच्या दिसत. त्या काळी असं रक्त पाहून ल्युकेमियाची शंका येणं साहजिक होतं, आणि ल्युकेमियाला तेव्हा औषध नव्हतं. एखाद्या विशीतल्या मुलाच्या घरच्यांना डॉक्टर धीर सोडायला सांगणार, आणि दीड महिन्यानं तो मुलगा ठणठणीत होऊन कॉलेजला जाणार. असे ‘आपोआप बरे झालेले ल्युकेमिया’ जुन्या वैद्यकीय लिखाणात सापडतात. म्हणून ही चाचणी नुसती विद्वानांची हौस नव्हती. एका रिपोर्टवर घरादाराचा जीव टांगलेला असे.

पहिली उपयोगी चाचणी सापडली ती जवळजवळ अपघातानं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जॉन पॉल हे डॉक्टर सांधेतापाचा, म्हणजे रूमॅटिक फिव्हरचा अभ्यास करत होते. घोड्याचं सीरम टोचल्यावर काही लोकांना जो त्रास होतो तो त्यांना सांधेतापासारखा वाटे, आणि त्या त्रासात रुग्णाच्या रक्तात मेंढीच्या लाल पेशींच्या गुठळ्या करणारी द्रव्यं तयार होतात हे माहीत होतं. तेव्हा पॉल आणि त्यांचे सहकारी वॉल्स बनेल यांनी निरनिराळ्या रुग्णांचं सीरम मेंढीच्या पेशींत मिसळून पाहायला घेतलं. सांधेतापात हाती फारसं लागलं नाही. पण मोनोच्या रुग्णाचं सीरम कितीही पातळ केलं तरी मेंढीच्या पेशींच्या गुठळ्या होतच राहिल्या. १९३२ मध्ये त्यांनी हे छापलं, आणि पॉल-बनेल चाचणी जगभर गेली. १९३७ मध्ये डेव्हिडसन यांनी तीत गिनीपिगच्या मूत्रपिंडाचा आणि गाईबैलांच्या लाल पेशींचा वापर करून खरं-खोटं वेगळं करण्याची युक्ती घातली. पुढे मेंढीच्या जागी घोडा आला, आणि काचेच्या पट्टीवर दोन मिनिटांत होणारी ‘मोनोस्पॉट’ चाचणी दवाखान्यात पोचली.

माणसाच्या घशाचा आजार, तो ओळखायला मेंढी, गिनीपिग, बैल आणि घोडा! आणि आजाराचं कारण कोणालाच माहीत नाही. तरी चाचणी चालली, कारण तिच्यात एक मोलाचा गुण होता. ही गुठळ्या करणारी द्रव्यं आजारात उगवत आणि काही महिन्यांत मावळत. म्हणजे ती सापडली तर आजार आत्ताचा, फार तर अलीकडचा. लहान मुलांत ती बरेचदा उगवतच नाहीत, ही तिची मोठी उणीव. पण काळाबद्दल काही सांगणारी चाचणी म्हणून ती चांगली होती, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत निघालेल्या किती तरी हुशार चाचण्यांना तेवढंही जमलं नाही, हे आपण पाहणारच आहोत.

आता गोष्ट युगांडात जाते. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन होते. लहानपणी अपघातात एक डोळा गमावलेला माणूस. १९५७ मध्ये त्यांना एक पाच वर्षांचा मुलगा दाखवला गेला, त्याच्या जबड्याला चारही बाजूंनी गाठी आलेल्या. थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावच्या रुग्णालयात तसंच दुसरं मूल दिसलं. बर्किट यांनी जुने कागद उपसले आणि हा लहान मुलांचा एक वेगळाच कॅन्सर असल्याचं १९५८ मध्ये छापलं. तो आफ्रिकेत कुठे आढळतो हे पाहायला १९६१ मध्ये त्यांनी अडीचशे पौंडांना एक जुनी फोर्ड स्टेशन वॅगन घेतली आणि दोन मित्रांसह दहा हजार मैल, म्हणजे सुमारे सोळा हजार किलोमीटरचा प्रवास केला. उष्ण आणि पावसाळी पट्ट्यातच हा आजार दिसत होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात बर्किट यांचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन बसले होते. ते कोंबड्यांत कॅन्सर करणाऱ्या विषाणूवर काम करत. हवामानाशी जोडलेला कॅन्सर म्हणजे त्यामागे जंतू असणार, असं त्यांच्या मनानं तिथेच घेतलं. त्यानंतर कंपालाहून गाठींचे तुकडे विमानानं लंडनला येऊ लागले. जवळजवळ दोन वर्षं काहीच दिसलं नाही.

१९६३ च्या डिसेंबरात लंडनवर धुकं होतं. नमुना घेऊन येणारं विमान मँचेस्टरला वळवलं गेलं आणि बाटली हातात पडायला दुपार उलटली. आतलं पाणी गढूळ. जंतू पडून नमुना नासला, असं कोणीही म्हटलं असतं आणि बाटली ओतून दिली असती. एप्स्टाइन यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तो गढूळपणा जंतूंचा नव्हता. प्रवासात हिसके बसून गाठीतल्या पेशी सुट्या झाल्या होत्या आणि जिवंत तरंगत होत्या. तरंगत ठेवल्यावर त्या वाढूही लागल्या, जे आधी साधत नव्हतं. २४ फेब्रुवारी १९६४ ला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशाच एका पेशीत हर्पीस कुळातल्या विषाणूचे कण दिसले. एप्स्टाइन यांना इतकी धास्ती वाटली की उपकरणाच्या झोतानं नमुना जळून जाईल म्हणून त्यांनी ते बंद केलं आणि बाहेर बर्फात एक फेरी मारून आले. मार्चअखेर ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला: एप्स्टाइन, अचोंग आणि बार. पेशींच्या वाणाला एप्स्टाइन आणि बार यांच्या आद्याक्षरांवरून ईबी म्हणत, तेच नाव विषाणूला चिकटलं. बर्ट अचोंग, त्रिनिदादहून आलेले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम करणारे, ते नावातून सुटले. इतिहासात असं फार होतं.

विषाणू दिसला, पण प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीनं तो वाढेना. तेव्हा एप्स्टाइन यांनी पेशी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात वेर्नर आणि गेर्ट्रूड हेन्ले या जर्मनीहून आलेल्या दांपत्याकडे पाठवल्या. शाळेत मूत्रपिंडाच्या आकृतीत ‘हेन्लेचा वेढा’ काढला असेल, तो ज्यांच्या नावाचा, त्या याकोब हेन्ले यांचे वेर्नर हे नातू. या दांपत्यानं चाचणी बसवली ती अशी. विषाणू असलेल्या पेशी काचेवर पसरायच्या, त्यांवर माणसाचं सीरम घालायचं, आणि सीरममध्ये त्या विषाणूविरुद्धची अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं असली तर चमकणाऱ्या रंगानं ती उजळवायची. पेशी चमकल्या तर या माणसाला विषाणू ठाऊक आहे.

आफ्रिकेतल्या आजारी मुलांचं सीरम चमकलं, हे अपेक्षित होतं. मग त्यांनी तुलनेसाठी धडधाकट अमेरिकन लोकांचं घेतलं, तर तेही चमकलं! प्रौढांपैकी बहुतेकांचं. आफ्रिकेतल्या कॅन्सरचा विषाणू म्हणून ज्याच्यामागे लागले, तो जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात निघाला. इथे प्रतिपिंडांच्या चाचणीची मर्यादा उघडी पडते. आपल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे वही असते. समजा तीत आलेल्याचं नाव आहे पण तारीख नाही, आणि गेल्याची नोंद तर नाहीच. अशा वहीवरून काल रात्री चोरी कोणी केली ते ओळखायचं! ती चमक म्हणजे तेवढंच. हा इथे येऊन गेला होता, कधी ते ठाऊक नाही.

हेन्लेंच्या प्रयोगशाळेत ज्यांचं सीरम चमकत नाही अशी थोडी माणसं तुलनेसाठी फार कामाची होती. एक तरुण तंत्रज्ञ मुलगी त्यांपैकी होती. तिचं रक्त वेळोवेळी घेतलं जाई आणि त्याची नोंद असे. १९६७ च्या ऑगस्टमध्ये ती आजारी पडली. ताप, घसा, गाठी, म्हणजे मोनो. कामावर परतल्यावर रक्त घेतलं तर सीरम झगमगत होतं. आधी तिच्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत टिकत नसत. आता त्या वाढू लागल्या, आणि त्यांत विषाणू होता. फायफरपासून जवळजवळ ऐंशी वर्षं ज्याचं कारण सापडत नव्हतं त्या आजाराचं कारण एका मुलीच्या दोन नळ्यांच्या फरकानं समोर आलं. एक नळी आजाराआधीची, एक नंतरची. नुसती दुसरी नळी हाती असती तर ती बाकी सगळ्यांसारखीच चमकली असती आणि कोणाच्या काही लक्षात आलं नसतं.

एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पुरावा कुठे मिळावा? येलमध्येच, जिथे मेंढीच्या पेशींची चाचणी निघाली होती. पॉल यांचा एक छंद म्हणा, धोरण म्हणा, असं होतं की सीरम फेकायचं नाही, गोठवून ठेवायचं. त्यांच्याच विभागातल्या नीडरमन आणि मॅकॉलम यांनी कॉलेजात नव्यानं दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांचं रक्त मोनोच्या अभ्यासासाठी साठवून ठेवलं होतं. त्या वेळी कोणता विषाणू शोधायचा हेही माहीत नव्हतं. हेन्लेंनी ते सीरम तपासलं. पुढे ज्यांना मोनो झाला त्यांच्या आधीच्या नळ्या कोऱ्या होत्या, नंतरच्या चमकल्या. आणि ज्यांच्या नळ्या दाखल होतानाच चमकत होत्या त्यांना मोनो झालाच नाही. १९६८ मध्ये हे छापून आलं. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतला खरा नायक तो फ्रीझर आहे.

जाता जाता आपल्याकडचं. भारतात आणि एकूणच दाटीवाटीच्या देशांत हा विषाणू बहुतेकांना लाळेवाटे बालपणीच गाठतो, आणि तेव्हा साधं सर्दी-तापाचं दुखणं होतं किंवा तेही नाही. अमेरिकेत कॉलेजचा आजार म्हणून गाजलेला मोनो आपल्या कानांवर फारसा येत नाही त्याचं कारण हे.

पुढची काही वर्षं वहीत तारखा घालण्याच्या प्रयत्नांत गेली. नव्या संसर्गात शरीर आधी आयजीएम जातीची प्रतिपिंडं करतं, ती काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतात. आयजीजी मागून येतात आणि जन्मभर राहतात. १९७३ मध्ये स्टॉकहोममध्ये रीडमन आणि जॉर्ज क्लाइन यांना विषाणूचा एक असा भाग सापडला ज्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं फार उशिरा, आजार उलटून कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसतात. याला एब्ना म्हणतात. मग हिशेब जमला. आयजीएम आहे आणि एब्नाची नाहीत, तर संसर्ग ताजा. आयजीएम नाही, आयजीजी आणि एब्नाची आहेत, तर जुना. आजही लॅब हेच वाचते, आणि पहिल्या संसर्गापुरतं ते बऱ्यापैकी खरं उतरतं.

जुना भाडेकरू पुन्हा जागा झाला की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. ‘अर्ली अँटिजेन’ नावाच्या आणखी एका भागाविरुद्धच्या प्रतिपिंडांवर काही काळ आशा होती, कारण विषाणू वाढत असतानाच तो भाग तयार होतो. पण साधारण पाचातल्या एका धडधाकट माणसात ती प्रतिपिंडं वर्षानुवर्षं आढळतात, असं दिसून आलं. तरी आशा सुटली नव्हती, आणि त्यातून १९८० च्या दशकात एक मोठं प्रकरण झालं.

१९८५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात दोन निबंध एकदम आले. महिनोन्‌महिने न जाणारा थकवा, घसा आणि ताप असलेल्या काही रुग्णांत एप्स्टाइन-बारच्या प्रतिपिंडांचं प्रमाण चढं होतं. त्याच सुमारास नेवाडातल्या ताहो सरोवराकाठच्या इन्क्लाइन व्हिलेज या गावात डॉ. पॉल चेनी आणि डॉ. डॅनिएल पीटरसन यांच्याकडे अशा रुग्णांची रीघ लागली. कालपर्यंत धावणारी, डोंगर चढणारी माणसं अंथरुणाला खिळली. दोघांनी एप्स्टाइन-बारच्या चाचण्या पाठवल्या, आकडे चढे आले, आणि आजाराला ‘क्रॉनिक एप्स्टाइन-बार’ म्हटलं जाऊ लागलं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘यप्पी फ्लू’ असं चिडवणारं नाव ठेवलं, म्हणजे पैसेवाल्या तरुणांचं दुखणं.

अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे, गॅरी होम्स आणि जोनाथन कॅप्लन चौकशीला आले. १९८७ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. सरासरी पाहिली तर रुग्णांचे आकडे चढे होते हे खरं, पण त्यांचे आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते की एखाद्याचा आकडा पाहून हा आजारी की धडधाकट ते सांगता येईना. एकच सीरम पुन्हा तपासलं की आकडा बदले. आणि या रुग्णांत एप्स्टाइन-बारचीच नव्हे, तर सायटोमेगॅलो, साधा हर्पीस आणि चक्क गोवर यांचीही प्रतिपिंडं चढी होती. वहीत सगळ्याच पाहुण्यांची नावं ठळक झालेली, मग चोर कोण? शिवाय आजारपणाआधीचं कोणाचंच रक्त साठवलेलं नव्हतं. येलच्या फ्रीझरसारखं काही ताहोला नव्हतं.

१९८८ मध्ये तज्ज्ञांनी आजाराच्या नावातून विषाणू काढला आणि ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ असं नवं नाव दिलं. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण याची दुसरी बाजूही पाहायला हवी. या माणसांना आधी कोणी ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवलं होतं. मग हातात एक कागद आला, त्यावर आकडा होता, आणि घरच्यांना, मालकाला, विमा कंपनीला दाखवता येईल असं काहीतरी मिळालं. तो कागद नंतर रद्द ठरला. चाचणी चुकली होती. आजार खोटा नव्हता. पण पुष्कळ डॉक्टरांनी या दोन गोष्टींत फरक केला नाही, आणि रुग्णांची पुढची कित्येक वर्षं त्यात गेली. आजही त्या आजाराची सर्वमान्य रक्तचाचणी नाही.

मग प्रतिपिंडं सोडून विषाणूच का मोजू नये? १९८० च्या दशकातच कॅरी मलिस यांची पीसीआर पद्धत आली. करोनाच्या साथीत हा शब्द घराघरांत पोचला, तेव्हा समजावून सांगत नाही. एप्स्टाइन-बारसाठी ती वापरताना नवा प्रश्न आला, की रक्तातला कोणता भाग तपासायचा? हा विषाणू ब-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींत झोपतो. निरोगी माणसात अशा दहा लाख पेशींत एखाददुसरी ते काही डझन पेशी विषाणू बाळगून असतात. म्हणून सबंध रक्त तपासलं तर निरोगी माणसातही कधी कधी डीएनए सापडतो. पेशी काढून टाकून उरलेला पिवळसर प्लाझ्मा तपासला तर बहुधा सापडत नाही. एकच माणूस, एकच सुई, पण नळीचा कोणता थर घेतला यावर उत्तर बदलतं. रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ वाचताना हे कोणी सांगत नाही.

अवयवरोपण झालेल्या रुग्णांत पीसीआरनं खरोखर जीव वाचवले. त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते, भाडेकरू मोकाट सुटतो आणि त्यातून लसिका पेशींचा कॅन्सर होऊ शकतो. तिथे डॉक्टर ठरावीक दिवसांनी मोजत राहतात आणि आकडा चढतो आहे की उतरतो आहे ते पाहतात. पण एका लॅबचा आकडा दुसरीशी जुळत नसे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या विषाणूसाठी आंतरराष्ट्रीय मानक नमुना मान्य केला, तेव्हा कुठे सगळ्यांना एक माप मिळालं.

सर्वांत सुंदर उपयोग हाँगकाँगमध्ये झाला. दक्षिण चीनमध्ये नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात होणारा कॅन्सर पुष्कळ आढळतो. आपल्याकडे नागालँड आणि मणिपूर या राज्यांत तो देशाच्या मानानं अधिक दिसतो. या गाठीच्या पेशींत एप्स्टाइन-बार असतो. डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये रुग्णांच्या प्लाझ्मात त्याचा डीएनए मोजून दाखवला. मग त्यांनी मध्यम वयाच्या, काहीही त्रास नसलेल्या २०,१७४ पुरुषांचं रक्त तपासलं. १,११२ जणांत डीएनए सापडला. म्हणजे शंभरात पाच-सहा. इतक्या लोकांना कॅन्सरची भीती घालायची? त्यांनी तसं केलं नाही. साधारण चार आठवडे थांबून पुन्हा रक्त घेतलं. या खेपेला ३०९ उरले. बाकीच्यांत विषाणू घटकाभर चुळबुळून पुन्हा झोपला होता. उरलेल्यांची दुर्बीण आणि एमआरआय तपासणी केली तेव्हा ३४ जणांना कॅन्सर निघाला, आणि बहुतेकांचा पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात, जिथे उपचार चांगले लागू पडतात. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आता थोडं घराजवळ येऊ. आपल्या शहरांत गरोदर बाईला, विशेषतः आधी गर्भपात झालेला असेल तर, ‘टॉर्च’ नावाची तपासणी करायला सांगतात. हे नाव १९७१ मध्ये अमेरिकेत आंद्रे नामियास यांनी पाच-सहा आजारांची आद्याक्षरं जुळवून केलं. त्यातला ‘सी’ सायटोमेगॅलोचा आणि ‘एच’ हर्पीसचा, दोन्ही याच कुळातले. भारतात बहुतेक प्रौढ बायकांना सायटोमेगॅलो लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे आयजीजी पॉझिटिव्ह येणारच. त्यासमोर ठळक अक्षरं छापलेली असतात, आणि सासर-माहेर दोन्हीकडे झोप उडते. आयजीएमही कधी महिनोन्‌महिने रेंगाळतं, कधी जुनं दुखणं चाळवल्यानं दिसतं, कधी चुकीनंच येतं. म्हणून एका पॉझिटिव्हवर काही ठरवू नये. आयजीजी विषाणूला किती घट्ट धरतात ते मोजणारी ‘ॲव्हिडिटी’ची चाचणी आहे. पकड सैल असेल तर संसर्ग ताजा, घट्ट असेल तर जुना. ती करता येते, किंवा काही दिवसांनी दुसरं रक्त घेऊन तुलना करता येते. गरोदरपणाआधीचं सीरम साठवलेलं असेल तर प्रश्नच मिटतो, पण ते कोणाकडे असतं?

अमेरिकेच्या लष्कराकडे आहे. तिथे एचआयव्हीच्या तपासणीसाठी सैनिकांचं रक्त भरतीच्या वेळी आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी घेतात, आणि उरलेलं सीरम गोठवून ठेवतात. अशा सहा कोटींहून अधिक नळ्या जमल्या आहेत. हार्वर्डच्या अल्बर्टो अस्केरिओ आणि शेटील ब्योर्नेविक यांच्या गटाला मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं मूळ शोधायचं होतं. त्यामागे एप्स्टाइन-बार असावा ही शंका जुनीच होती. पण ज्याच्या अंगात नाही असा माणूसच मिळत नाही, तेव्हा सिद्ध कसं करायचं? त्यांनी एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी पाहिल्या. आजार झालेल्यांपैकी ८०१ जणांच्या, आजाराआधीच्या नळ्या मिळाल्या. त्यांतल्या ३५ जणांची पहिली नळी कोरी होती. त्या ३५ पैकी ३४ जणांना पुढे, आजाराची लक्षणं दिसण्याआधी, एप्स्टाइन-बारचा संसर्ग झालेला आढळला. हिशेबानं धोका ३२ पट वाढत होता. पडताळा म्हणून त्यांनी सायटोमेगॅलोही तपासला, त्यात असं काही दिसलं नाही. नसांना इजा झाली की रक्तात वाढणारं एक प्रथिन असतं. तेही एप्स्टाइन-बार शिरल्यानंतरच्या नळ्यांत वाढलं होतं, आधीच्या नळ्यांत नव्हतं.

हा निबंध २०२२ च्या जानेवारीत आला. त्या नळ्या भरल्या तेव्हा सैनिकांपैकी किंवा लॅबवाल्यांपैकी कोणाच्याही डोक्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नव्हता.